दुखण्याची वही

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. काही भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



आपल्या मंडळात आजवर मी बोलायला म्हणून कधी उभी राहिले नाही. हळदीकुंकवाला सतरंज्या अंथरणे, वाटली डाळ करणे, पन्हे गाळणे ही माझी कामे. पण चिटणीसबाई मागे लागल्या की, "तुमच्या घरी जे घडले ते चारचौघींत सांगा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून धीर केला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. त्यातून विषय डॉक्टरी. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर पदरात घ्यावे. मी जे सांगणार आहे त्यातले काही डॉक्टरांनी आम्हांला वेळोवेळी समजावून दिलेले आहे आणि बाकीचे घरात अनुभवलेले आहे.

माझी धाकटी जाऊ तुम्हां सगळ्यांच्या ओळखीची आहे. आज ती इथे खुर्चीवर बसली आहे. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचे दुखणे आहे. थोडक्यात त्याला एम. एस. म्हणतात. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी मी तिला विचारले. ती म्हणाली, "वहिनी, खुशाल सांगा. फक्त मला बिचारी म्हणू नका." तेव्हा तो शब्द मी वापरणार नाही.

प्रथम हे दुखणे काय आहे ते सांगते. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण असते, तसे आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर एक आवरण असते. अंगात रोगाशी लढणारी जी शक्ती असते, तीच या आजारात उलटते आणि त्या आवरणावर चालून जाते. आवरण जागोजागी खराब झाले की मेंदूचा निरोप हातापायांना, डोळ्यांना नीट पोचत नाही. म्हणून कोणाची नजर अंधुक होते, कोणाचे पाय जड होतात, कोणाला मुंग्या येतात, तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, आणि थकवा तर बहुतेकांना असतो. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. हा रोग पुष्कळदा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने आढळतो. म्हणजे ऐन संसाराच्या वयात आणि घर जिच्या हातावर चालते तिलाच तो गाठतो. तो स्पर्शाने लागत नाही. कोणाची दृष्ट किंवा कोणाचे पाप यांच्याशीही त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरी येऊन असे बोललेली माणसे आहेत.

या रोगाची चाल दोन तऱ्हेची असते. एक झटक्याची. एके दिवशी अचानक डोळ्याने दिसेनासे होते, किंवा पाय उचलत नाही. मग काही आठवड्यांत ते पुष्कळसे भरून येते. बहुतेकांचे दुखणे असेच सुरू होते. दुसरी चाल हळूहळूची. झटका नाही, आरडाओरडा नाही, पण महिन्यामागून महिने शक्ती थोडी थोडी उतरत जाते. झटका सगळ्यांना कळतो. ही दुसरी चाल मात्र एका घरात राहूनही कळत नाही. आज मला बोलायचे आहे ते हिच्याविषयी.

आमच्या जावेला पहिला झटका आला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. डावा डोळा अंधुक झाला. तपासण्या झाल्या, दुखण्याचे नाव कळले, औषध सुरू झाले, डोळा निवळला. आम्ही देवाला नारळ फोडला आणि सगळे संपले असे धरून चाललो. दर तीन-चार महिन्यांनी तिला दवाखान्यात न्यायचे. डॉक्टर विचारायचे, "मागच्या वेळेपेक्षा कशा आहेत?" आमचे भावजी सांगायचे, "बरी आहे." डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे. बाहेर पन्नास माणसे बसलेली. असे दीड वर्ष गेले.

त्या दीड वर्षात घरात काय चालले होते ते ऐका. पूर्वी ती माझ्याबरोबर गच्चीवर वाळवणे घालायला यायची. ती येईनाशी झाली. म्हणाली, ऊन सोसत नाही. मंडईत जाणे सोडले आणि दारावरची भाजी घेऊ लागली. म्हणाली, तेवढीच पायपीट वाचते. भरलेली बादली उचलायची ती अर्धी उचलू लागली. साडी सोडून गाऊन घालू लागली. सुईत दोरा ओवायला माझ्या मुलीला हाक मारू लागली. एकेक काम तिने सोडले आणि प्रत्येकाला काहीतरी कारण होते. कारण पटण्यासारखे असले की आपण पुढे विचारत नाही. उलट दिवाळीच्या फराळाच्या वेळी चकलीचा सोऱ्या तिने अर्ध्यावर ठेवला, तेव्हा मी म्हणाले, "माहेरचे लाड अजून संपलेले दिसत नाहीत." हे मी बोलले आहे. ती काही बोलली नाही. आज सगळ्यांसमोर ते कबूल करते, कारण घरोघरी असेच होते. आजारी बाई काम सोडते तेव्हा दुखणे वाढले असे कोणाच्या मनात येत नाही. सुस्ती आली असे वाटते.

पुढे ती स्वयंपाकघरात दोनदा पडली. मग आम्ही तिला मज्जातंतूंच्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. भावजी, सासूबाई आणि मी, तिघेही बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारले, "न थांबता, आधार न घेता किती अंतर चालता येते?" भावजी म्हणाले, "चांगली चालते." सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात तर फिरतेच." मी म्हणाले, "मारुतीच्या देवळापर्यंत तरी जाते." तेव्हा जाऊ हळूच म्हणाली, "मी देवळात गेले त्याला आठ महिने झाले, वहिनी."

एका छपराखाली राहणारी आम्ही तीन माणसे. तिघांची तीन उत्तरे, आणि तिन्ही चुकीची!

डॉक्टरांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेले. तिथे जमिनीवर दोन खुणा होत्या, मध्ये पंचवीस फूट अंतर. "जपून, पण जमेल तितके भरभर चाला," असे सांगून त्यांनी घड्याळ लावले. आठ सेकंद लागले. मग ते आम्हांला म्हणाले, "हे आठ पाचावरून आठ झाले, की पहिल्यापासून आठच होते? पूर्वीचा आकडा असता तर मला समजले असते, औषध पुरे पडते की नाही." आमच्यापाशी फाईल होती, चित्रे होती, औषधांच्या पावत्या होत्या. पण ती किती चालते, हे कोणी कुठे लिहिलेले नव्हते. चूक कोणा एकाची होती असे मी म्हणत नाही. विचारणाऱ्याने मोघम विचारले आणि आम्ही मोघम सांगितले. पण दीड वर्ष हातचे गेले. या रोगात जे मज्जातंतू कायमचे खराब होतात ते परत आणणारे औषध आज नाही. पुढचे नुकसान कमी करणारी औषधे मात्र आहेत, आणि ती वेळेवर दिली किंवा वेळेवर बदलली तरच त्यांचा फायदा. म्हणून गेलेले दीड वर्ष मला आजही बोचते.

आता डॉक्टर लोक हे दुखणे कसे मोजतात ते सांगते. अमेरिकेत कुर्ट्झके नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९५५ साली यासाठी एक मोजपट्टी बसवली आणि १९८३ साली ती सुधारली. तिच्यात शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या आहेत. शाळेतल्या गुणांच्या उलट हिशेब समजायचा. शून्य म्हणजे तपासणीत काही दोष नाही आणि आकडा वाढेल तशी अडचण वाढली. खालच्या पायऱ्या डोळे, हातपाय, तोल, संवेदना वगैरे तपासून ठरतात. चारपासून पुढे मुख्यतः चालणे बघतात. चारवर माणूस आधाराशिवाय, न बसता सुमारे पाचशे मीटर जाऊ शकतो. पाचवर सुमारे दोनशे मीटर. सहावर शंभर मीटर जायला काठीचा आधार लागतो. सातवर चाकाची खुर्ची येते. हा आकडा डॉक्टरांनीच तपासून ठरवायचा असतो, आपण घरी ठरवायचा नाही. पण त्यांनी ठरवला की तो विचारून घ्यावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. आम्ही इतकी वर्षे तो विचारलाच नव्हता.

या पट्टीत एक उणीव आहे, आणि ती डॉक्टरच सांगतात. तिचा भर चालण्यावर फार. हाताचे बारीक काम, थकवा, विचार मंद होणे, या गोष्टी तिच्यात नीट पकडल्या जात नाहीत. म्हणून आणखी काही चाचण्या करतात. पंचवीस फुटांचे चालणे ही एक. दुसरी हाताची: पाटीवर नऊ भोके असतात, त्यांत नऊ खुंट्या एकेक करून घालायच्या आणि काढायच्या, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. तिसरी डोक्याची: कागदावर चिन्हे असतात, प्रत्येक चिन्हाचा अंक ठरलेला, आणि दीड मिनिटात किती अंक बरोबर सांगता येतात ते मोजायचे. डोळ्यांसाठी फिकट अक्षरांचा तक्ताही असतो. चालण्याच्या आणि खुंट्यांच्या वेळेत पाचव्या हिश्श्याने, म्हणजे शेकडा वीसने फरक पडला, तर तो खरा फरक म्हणून डॉक्टर मनावर घेतात. दहा सेकंदांचे साडेदहा झाले तर घाबरू नये. दहाचे बारा झाले आणि तसेच राहिले, तर विचारावे.

तुम्ही म्हणाल, हे तर दवाखान्याचे काम. खरे आहे. पण डॉक्टर तिला वर्षातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे बघणार. बाकीचे सगळे दिवस ती आपल्या डोळ्यांसमोर असते. म्हणून आम्ही एक शंभर पानी वही केली. तिच्यात काय लिहितो ते सांगते.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी चहा झाल्यावर आम्ही गॅलरीत जातो. तिथे टेपने मोजून पंचवीस फुटांवर रंगाच्या दोन खुणा केल्या आहेत. ती चालते, मी मोबाईलच्या घड्याळात सेकंद बघते, आणि माझी मुलगी तिच्या बाजूने हात न लावता चालते, तोल गेलाच तर धरता यावे म्हणून. मग हाताचे. खुंट्यांची पाटी आमच्याकडे नाही. आम्ही अप्पेपात्र घेतो. वाटीत नऊ हरभरे. एकेक उचलून नऊ खळग्यांत टाकायचा आणि एकेक परत वाटीत. आधी उजवा हात, मग डावा. आमच्या हरभऱ्यांचे आकडे दवाखान्याच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. ते आमचे आमच्याशीच ताडून बघायचे. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून ठरलेल्या फरशीवर उभे राहून एक डोळा झाकून तारखा वाचायच्या, नंतर दुसरा. एवढ्याला वीस मिनिटेही लागत नाहीत.

याखेरीज महिनाभरात जे घडले ते दोन ओळींत. कितीदा पडली किंवा पडता पडता सावरली. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागले, घाई होते का. ही लाजण्याची बाब नाही. जाऊ कितीतरी दिवस भावजींनाही हे बोलली नव्हती, आणि यावर उपचार असतात हे आम्हांला उशिरा कळले. दुपारी किती वाजता अंग गळते. किराण्याचा हिशेब चुकतो का. मन उदास आहे का. उदासपणाही या दुखण्यात पुष्कळांना येतो, तो रडवेपणा समजू नये, तोही डॉक्टरांना सांगावा. आणि शेवटी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा रकाना: कोणते काम सोडले? गच्ची, मंडई, सोऱ्या, सुई. आम्ही तेव्हा हा रकाना ठेवला असता, तर दीड वर्षाची गोष्ट चार महिन्यांत कळली असती.

मोजण्याचे काही नियम पाळावे लागतात, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. वेळ तीच, जागा तीच, पायांतली चप्पल तीच. एरवी काठी घेऊन चालत असेल तर मोजतानाही काठी, आणि तसे लिहून ठेवायचे. वरचेवर मोजू नये. रोज मोजले तर जीव टांगणीला लागतो आणि पदरी काही पडत नाही. ताप असेल त्या दिवशी मोजू नये. शर्यत लावू नये. आणि उन्हाच्या वेळी मोजू नये. शरीर तापले की या रोगाची जुनी लक्षणे थोडा वेळ वर येतात. उहटॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० साली नोंदले आहे. आपल्याकडच्या वैशाखात तर याचा पुरता अनुभव येतो. ओट्यापाशी पोळ्या लाटून ती उठली की डोळ्यांपुढे धुरकट दिसायचे, आणि गार पाण्याने तोंड धुऊन पंख्याखाली बसली की निवळायचे. तो नवा झटका नव्हता.

वहीचा उपयोग काय झाला, त्याच्या दोन हकिकती सांगते.

एकदा ठरलेल्या दिवशी चालण्याचे आठ सेकंद होते ते एकदम अकरा झाले. आमच्या पोटात गोळा आला. झटकाच आला असे वाटून भावजी गाडी काढायला निघाले. वहीत मागच्या चार दिवसांत लिहिलेले होते: लघवीला जळजळ, संध्याकाळी अंग कोमट. डॉक्टरांना फोनवर ते वाचून दाखवले. त्यांनी आधी लघवी तपासायला सांगितली. जंतुदोष निघाला. त्यावर औषध झाले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आठ सेकंद. अंगात जंतुदोष किंवा ताप असला की झटक्यासारखे सोंग उभे राहते. डॉक्टरांनी आम्हांला खूण सांगितली आहे ती अशी: ताप नाही, जंतुदोष नाही, आणि तरी नवीन लक्षण आले किंवा जुने वाढले, आणि ते चोवीस तासांहून अधिक टिकले, तर झटका समजून लगेच कळवायचे, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि आपल्या मनाने औषध वाढवायचे नाही, थांबवायचे तर मुळीच नाही.

दुसरी हकिकत हळू चालीची. चालणे आठ सेकंदांवरच होते. सगळी म्हणत होती, छान चालले आहे. पण उजव्या हाताचे हरभरे बघा: एकतीस सेकंद, बत्तीस, एकतीस, चौतीस, छत्तीस, एकोणचाळीस. सहा महिन्यांचे सहा आकडे एकाखाली एक. कोणत्याही दोन महिन्यांत फार फरक दिसत नाही, पण वरचा आणि खालचा एकत्र बघितला की दिसतो. तिला स्वतःलाही कळले नव्हते, फक्त भाकरी थापायला उशीर लागतो एवढे ती म्हणाली होती. डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली, आपल्या खुंट्यांची पाटी काढली, मागच्या वेळचा आकडा ताडून बघितला. हात खरोखरच मंदावला होता. मेंदूचा एमआरआय झाला आणि औषध बदलले. त्याला आता चौदा महिने झाले. हात एकतीसवर परत आला नाही. आजही अडतीस-एकोणचाळीसच लागतात. पण पुढे पंचेचाळीसही झाले नाहीत. भगिनींनो, या दुखण्यात आहे तिथे थांबणे हीही मिळकत आहे. पूर्वीसारखे "बरी आहे" म्हणून आलो असतो तर आज आकडा काय असता, याचा विचारही करवत नाही.

आमच्या डॉक्टरांनी एकदा एक गोष्ट सांगितली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याचा एक नातू होता ऑगस्टस देस्ते नावाचा. १८२२ साली एका नातलगाच्या अंत्ययात्रेनंतर त्याची नजर अंधुक झाली. पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग काही न करता डोळे निवळले. पुढे वीसहून अधिक वर्षे पाय, तोल, अशक्तपणा असे एकेक मागे लागले, आणि ते सगळे तो रोजनिशीत लिहीत गेला. १८४८ साली तो वारला. रोगाचे वर्णन व्हायला तेव्हा आणखी वीस वर्षे होती. आपल्याला काय झाले आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. पण विसाव्या शतकात ती रोजनिशी डॉक्टरांच्या हाती आली आणि त्यांनी ओळखले की हाच तो रोग. राजाच्या नातवाला जे जमले ते आपल्याला शंभर पानी वहीत का जमू नये? त्याच्या लिहिण्याचा त्याला स्वतःला फायदा झाला नाही. आपल्याला होतो, कारण आज औषधे आहेत आणि वाचणारा डॉक्टर समोर आहे.

आता एक नाजूक गोष्ट. सुरुवातीला वही माझ्या ताब्यात होती. मी घड्याळ धरायचे आणि आकडा वाढला की माझा चेहरा पडायचा. एके दिवशी जाऊ म्हणाली, "वहिनी, मला परीक्षेला बसल्यासारखे होते. नापास झाले तर तुम्ही सगळी माझ्याकडे कसे बघता!" तेव्हा मला समजले की मोजमाप दुखण्याचे आहे, माणसाचे नव्हे, हे घरच्यांनी आपल्या वागण्यातून दाखवले पाहिजे. त्या दिवसापासून वही तिच्याकडे आहे. ती स्वतः लिहिते. हात थकला तर माझ्या मुलीला सांगते. कोणाला दाखवायची तेही तीच ठरवते. आणि तिनेच एक नवा रकाना काढला: या महिन्यात काय जमले? त्यात एकदा लिहिले होते, "काठी घेऊन देवळात गेले, वाटेत एकदा बसले." दुसऱ्यांदा, "मुलाला गणित शिकवले." डॉक्टरही तो रकाना आवर्जून वाचतात.

शेजारच्या बायकांनाही दोन शब्द सांगते. काठी घेतलेली बाई दिसली की "एवढ्या तरुण वयात काठी?" असे विचारू नका. काठीमुळे ती पडत नाही आणि लांबवर जाते. सकाळी हिंडताना दिसलेली बाई दुपारी आडवी पडली तर ढोंग समजू नका, या थकव्याला झोपेने उतार पडतोच असे नाही. आणि आपल्याला बोलवायचे असेल तर सकाळी बोलवा, खुर्ची ठेवा, मोरी जवळ आहे असे आधीच सांगा. आज अध्यक्षबाईंनी न सांगता खुर्ची ठेवली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आणखी एक माहिती. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा जो कायदा आहे, त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व धरले आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. शेकडा चाळीस किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला की काही सवलतींचा हक्क लागू होतो. दाखल्यासाठी तपासायला बसलेल्या डॉक्टरांपुढे तारीखवार कागद असले की आपली बाजू मांडणे सोपे जाते. तसेच मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून या रुग्णांसाठी काम करते. एकटे वाटते तेव्हा असे दुसरे घर माहीत असणे हा मोठा आधार असतो.

माझे सांगणे एवढेच आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते ते आपल्याला दिसतेच असे नाही. मुलाची उंची आपण भिंतीवर खूण करून मोजतो, कारण रोज बघून ती कळत नाही. तसेच हे. एम. एस. असो, संधिवात असो, म्हातारपण असो, ज्या घरात हळू चालणारे दुखणे आहे त्या घरात एक वही असावी. डॉक्टरांनी "कसे आहे?" विचारले की "बरे आहे" हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी वही उघडावी.

सोऱ्याच्या त्या बोलण्याबद्दल मी जावेची क्षमा मागितली आहे. ती म्हणाली, "ते वहीत लिहिलेले नाही, वहिनी, सोडून द्या." या दिवाळीला चकल्या मी पाडल्या आणि कढईपाशी न बसता तिने टेबलाशी बसून डबे भरले. तोही तिच्या रकान्यात लिहिला आहे.